केंदाळाची पर्स

उन्हाळ्याच्या तोंडावर नदीच्या पुलावरून जाताना खाली बघितलं की क्षणभर वाटतं, कुणी पाण्यावर हिरवागार गालिचाच अंथरलाय! त्यात मधूनमधून जांभळट फुलांचे तुरे. फूल जवळून पाहाल तर आणखी देखणं. वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा निळा-पिवळा ठिपका. नवखा पाहुणा म्हणेल, काय सुंदर नदी आहे हो तुमची! पण काठावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ठाऊक असतं, हा गालिचा म्हणजे नदीच्या दुखण्याचं अंगावर उठलेलं लक्षण आहे. पुण्याकडे हिला जलपर्णी म्हणतात. आमच्या पंचगंगेच्या बाजूला केंदाळ.

मैत्रिणींनो, ही वनस्पती मूळची आपली नव्हेच. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फुलांच्या हौसेपायी माणसांनीच तिला देशोदेशी नेलं. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती बंगालात आली, शोभेचं झाड म्हणून. आणि मग अशी काही पसरली की भातशेती, होड्यांची वाट, मासेमारी सगळंच अडून बसलं. १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध बंगालमध्ये चक्क कायदा करावा लागला आणि १९३७ च्या निवडणुकीत तिचा नायनाट करण्याचं आश्वासन जाहीरनाम्यात आलं! (आपल्याकडे नळाला रोज पाणी देण्याचं येतं ना, तसंच.) उबदार हवा आणि गावाचं सांडपाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे तडफडतात आणि डासांचं मात्र फावतं.

नायजेरियात तर या बाईसाहेबांना प्रत्येक जमातीनं वेगळं नाव ठेवलंय. योरुबा भाषेतल्या नावाचा अर्थ होतो ‘चहाडखोर’, म्हणजे इकडचं तिकडे करत भराभर पसरणारी! इगाला लोक तिला ‘आई आणि बाळाचं मरण’ म्हणतात. ही माहिती अचेन्यो इदाचाबा या बाईंच्या २०१५ मधल्या एका भाषणात मी ऐकली. अमेरिकेतली संगणकाची नोकरी सोडून २००९ मध्ये त्या आपल्या देशात परत गेल्या आणि याच चहाडखोर वनस्पतीच्या वाळलेल्या दांड्यांपासून पर्स, टोपल्या, टेबलावरच्या वस्तू करण्याचा उद्योग त्यांनी उभा केला. दोर वळायला त्या शिकल्या इबादान शहरातल्या एका दोर वळणाऱ्या कारागिराकडून. त्याला इंग्रजी येत नव्हतं, यांना त्याची हौसा भाषा येत नव्हती. मधे दुभाषे कोण, तर आजूबाजूला खेळणारी पोरं! मला हा प्रसंग फार आवडला. आपल्याकडे माहेरचं लोणचं सासरच्या मोलकरणीला शिकवतानाही असंच काहीतरी होत असतं की.

आपल्या इथल्या प्रदर्शनांतही हल्ली या पर्स दिसतात. मी पहिल्यांदा एक हातात घेतली तेव्हा नवल वाटलं ते तिच्या वजनाचं. एवढी मोठी पिशवी, पण फुलासारखी हलकी! कारण सोपं आहे. केंदाळाचा दांडा आतून स्पंजासारखा असतो, हवेच्या बारीक बारीक कप्प्यांनी भरलेला. त्या हवेच्या जोरावरच तर ते झाड पाण्यावर तरंगतं. पाणी निघून जातं, कप्पे राहतात. म्हणजे जो गुण नदीला नडतो, तोच आपल्या खांद्याला सोयीचा.

आमच्या भागातल्या एका बचत गटाबरोबर गेले तीन उन्हाळे हे काम मी जवळून बघते आहे. विणायला दांडा हातभर तरी लांब हवा. गंमत अशी की पाण्यावर विरळ वाढलेल्या केंदाळाचे दांडे आखूड आणि फुगीर असतात, ते कामाचे नाहीत. गर्दी दाटली की झाडं उजेडासाठी एकमेकींच्या वर माना काढतात आणि दांडे उंच, सरळ होतात. म्हणजे नदी जिथं सगळ्यात जास्त आजारी, तिथला माल सगळ्यात चांगला!

मुळं आणि पानं तोडून टाकायची, दांडे धुवायचे आणि उन्हात पसरायचे. ओल्या केंदाळात शंभरातले नव्वद-पंचाण्णव भाग नुसतं पाणीच. डोक्यावर मोठा भारा वाहून आणावा आणि आठवड्यानं हातात मूठभर काड्या याव्यात, असा हा प्रकार. पहिल्यांदा काम करणाऱ्या बायकांचा तिथंच अर्धा उत्साह मावळतो. पण आपल्याला एक गोष्ट फायद्याची आहे. आपल्या नद्यांवर केंदाळ माजतं ते हिवाळ्यानंतर, पाणी संथ झालं की. आणि तेव्हाच आपल्याकडे ऊन तापायला लागतं. पापड-कुरडयांचं जे वेळापत्रक, तेच याचं. एकाच गच्चीवर एकीकडे सांडगे आणि दुसरीकडे केंदाळ, असं चित्र आमच्याकडे दिसतं. (दोन्हींमध्ये अंतर मात्र ठेवा बरं का!)

वाळलेला दांडा लाटण्यानं किंवा दोन रुळांच्या यंत्रातून चपटा करायचा, हलका पाण्याचा हात लावून मऊ करायचा आणि मग तीनपेडी वेणी घालायची. वेणी घालता येत नाही अशी बाई आपल्याकडे कुठली सापडायला! त्यामुळे गटातल्या साठीच्या काकूंपासून बारावीतल्या मुलीपर्यंत सगळ्यांचे हात पहिल्याच दिवशी चालायला लागतात. खरं कौशल्य पुढं. वेणी सगळीकडे सारख्या जाडीची हवी, जोड बाहेर दिसता कामा नये, लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळताना ताण सारखा हवा. नाहीतर पर्स एका बाजूला तोंड वाकडं करून बसते.

शत्रू एकच. ओल. पहिल्या वर्षी श्रावणात गटाच्या कपाटातल्या डझनभर पर्सवर बुरशीची पांढरी लव चढली. आता मे महिन्यातच सगळा माल खडखडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या डब्यात भरतात आणि पावसाळाभर फक्त विणकाम चालतं. काही ठिकाणी बुरशी लागू नये म्हणून दांड्यांना गंधकाची धुरी देतात. पण तो धूर छातीला वाईट, घरात पोराबाळांमध्ये करायचं ते काम नव्हे.

अस्तराला आमच्या बायका जुनेर वापरतात. कुणाची विरलेली इरकल, कुणाच्या सासूबाईंची नऊवारी. पदर फाटला तरी काठ शाबूत असतो, तो पर्सच्या तोंडाशी लावला की साध्या तपकिरी वेणीला एकदम घरंदाजपणा येतो! चेन फाटक्या दप्तरांच्या, बटणं नारळाच्या करवंटीची. नवं म्हणून विकत आणायचं ते फक्त सुई-दोरा. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, यात नवीन ते काय?

आता डिझाइनचं. इथं मला आसामचं उदाहरण सांगायलाच हवं. गुवाहाटीच्या नैर्ऋत्येला दीपोर बिल नावाचं मोठं पाणथळ तळं आहे. २००२ पासून ते रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये गणलं जातं. तिथंही केंदाळाचा उच्छाद. त्या तळ्याकाठच्या मासेमार वस्तीतल्या सहा मुलींनी सरकारी संस्थेच्या मदतीनं केंदाळाची योगासनांची चटई तयार केली. २०२१ मध्ये तिची बरीच चर्चा झाली. भोवतालच्या तीन गावांतल्या अडतीस बायका या कामाशी जोडल्या गेल्या. तिकडे मे ते ऑक्टोबर पाऊस, म्हणून दांडे वाळवायला सौर वाळवणी यंत्र आणलं आणि वाळवणीचा वेळ तीन दिवसांवर आला. विणकाम मात्र आसामी घराघरांतल्या पारंपरिक मागावरच. सुताला रंग लाख, कांद्याची सालं, लोखंड आणि गुळाचे. आणि चटईला नाव दिलं त्या तळ्यावर दिसणाऱ्या जांभळ्या पाणकोंबडीचं! ज्या तळ्यातून माल काढला, त्याच तळ्यातला पक्षी त्या वस्तूची ओळख झाला. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. दिल्ली-मुंबईत बसून कुणी डिझाइन काढून दिलं असतं तर बहुतेक कमळ किंवा मोर आला असता.

ही गोष्ट गटात सांगितली तेव्हा बायका विचार करायला लागल्या, आपल्याकडे पाण्याचं काय आहे? आणि बघता बघता यादीच तयार झाली की! पायाच्या बोटातल्या मासोळ्या. नथीतले मोती. रांगोळीतला शंख, कासव. पाण्यातले दागिने तर आपण अंगावर घालतोच, फक्त तसं कधी मनात येत नाही. मग एकीनं वेण्या तिरक्या लावून लाटा काढल्या. दुसरीनं मधल्या ठिपक्यापासून गोल गोल फिरवत नेऊन गोल पर्स केली आणि तिचं नाव ठेवलं ‘भोवरा’. बारावीतल्या मुलीनं केंदाळाच्या चपट्या पट्टीची मासोळी विणून पर्सच्या चेनला लटकवली. मागच्या दिवाळीच्या प्रदर्शनात सगळ्यात आधी ‘भोवरा’ संपल्या. साध्या चौकोनी पिशव्या उरल्या.

इथपर्यंत सगळं छान छान आहे. पण मला लिहायचंय ते पुढचं.

गेल्या वर्षी गटाच्या बैठकीत मी उत्साहानं सांगत होते, शहरात या पर्यावरणपूरक वस्तूंना मागणी आहे वगैरे. एक काकू बराच वेळ ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘ताई, गटाराच्या पाण्यात उतरायचं आमी, अंग खाजवायचं आमी, आन् पर्स मिरवायची शेरातल्या बायकांनी. ह्येलाच म्हंत्यात व्हय ते पर्यावरन?’’

बैठक शांत झाली. कारण काकू बोलल्या ते शंभर टक्के खरं होतं. केंदाळ माजतं कशावर? गावाच्या मैल्यावर, साबण-पावडरीच्या पाण्यावर, शेतातून वाहून आलेल्या खतावर. त्याच पाण्यात कमरेइतकं उतरून दांडे कापायचे. तळात काचा, खिळे. पायाला जळवा. पाल्याखाली साप दिसत नाही. हत्तीरोग पसरवणाऱ्या डासांच्या एका जातीच्या अळ्या तर अशा पाणवनस्पतींच्या मुळांनाच चिकटून वाढतात. शिवाय पाण्यात कारखान्याचं सांडपाणी मिसळत असेल तर शिसं, कॅडमियमसारखे धातू ही वनस्पती शोषून घेते, मुळांत जास्त. एरवी हा तिचा गुणच म्हणायचा, पण ती मुळं उघड्या हातानं तोडणारीचं काय? आणि तीच मुळं परसातल्या मेथी-वांग्याच्या खतात गेली तर?

त्या दिवसानंतर गटानं पद्धत बदलली. कारखान्याच्या नाल्याच्या खालच्या अंगाचं केंदाळ घ्यायचंच नाही, असं ठरलं. पाण्यात बायका उतरत नाहीत. मासेमारी करणारे दोघे भाऊ नावेतून लांब दांड्याच्या दाताळ्यानं केंदाळ ओढतात, त्यांना जुडीमागं पैसे. दांडे तोडणाऱ्या बायकांना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि गमबूट. धुवायला बोअरचं पाणी. मुळं वेगळी ठेवायची, त्यांचं खत भाजीला नाही. सगळं रास्त, पण यानं काय झालं? पर्सची किंमत वाढली!

जरा हिशेब मांडून बघू. समजा, एका मध्यम पर्सला एका बाईचे दोन दिवस जातात. दिवसाला तीनशे रुपये मजुरी धरली (आणि शेतावर खुरपायला जाणारीला तेवढे मिळतात, तर वेणी घालणारीला कमी का?) तर सहाशे रुपये नुसत्या हातांचे. दांड्यांच्या जुड्या, दोरा, प्रदर्शनाचं भाडं, एसटीचा खर्च धरून सव्वाआठशे-साडेआठशेच्या खाली ती विकणं म्हणजे पदरचे पैसे घालणं. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून काय म्हणतो? ‘‘अगं बाई, गवताच्या पिशवीला एवढे? अडीचशेला दे, दोन घेते.’’

मी स्वतः स्टॉलवर उभी राहून हे दिवसातून तीस वेळा ऐकलंय. बोलणाऱ्या बायका वाईट नसतात हो. त्यांनाही महिन्याचं गणित बसवायचं असतं. पण त्याच बायका सातशेची रेक्झिनची पर्स दुकानातून काही न बोलता घेतात, जिचे पोपडे दोन पावसाळ्यांत निघतात. तिथं भाव करत नाहीत, कारण तिथं काचेचं दार असतं. भाव करतो तो समोर बसलेल्या बाईशी.

दुसऱ्या टोकालाही एक मंडळी आहेत. ‘‘गरीब बायकांनी केलंय ना, मग द्या एक,’’ म्हणून घेणारी. पर्स घरी नेऊन माळ्यावर टाकतात. त्या एका विक्रीचा आनंद होतो, पण पुढची येत नाही. गटातल्या बायकांनाही मी हेच सांगते, कीव येऊन घेतलेल्या वस्तूवर धंदा चालत नाही. चेन अडकत असेल, पट्टा उसवत असेल, तर केंदाळाचं पुण्य कामाला येणार नाही. नायजेरियातल्या त्या बाईंचा उद्योग चालला तो वस्तू देखण्या होत्या म्हणून.

आणखी एक स्पष्टच बोलते. या पर्समुळे नदी स्वच्छ होते, असं कुठल्या स्टॉलवर लिहिलेलं दिसलं तर विश्वास ठेवू नका. मी आमच्या गटाला ती पाटी लावू दिली नाही. आमच्या बायका अख्ख्या उन्हाळ्यात जेवढं केंदाळ काढतात, तेवढं नदीत चार दिवसांत परत उगवतं. तळाच्या गाळात पडलेलं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं. पावसाळ्यात पूर येतो, केंदाळ वाहून जातं आणि आपल्याला वाटतं सुटलो. ते जातं खालच्या गावाच्या बंधाऱ्यात. नाल्याचं पाणी शुद्ध करून मगच नदीत सोडायला हवं आणि ते काम नगरपालिकेचं, सरकारचं आहे. बचत गटातल्या पंधरा बायकांच्या वेण्यांवर ते ढकलून कसं चालेल? पर्स हा रोजगार आहे, चांगला रोजगार होऊ शकतो, एवढंच तिचं काम. वॉर्डातल्या सभेत नाल्याचा प्रश्न विचारायला याच पंधराजणी गेल्या होत्या, तेव्हा प्रत्येकीच्या खांद्याला केंदाळाची पर्स होती, ही गोष्ट वेगळी! उत्तर ‘प्रस्ताव पाठवलाय’ असं मिळालं. त्या पुन्हा जाणार आहेत.

आणि हो, फूल सुंदर दिसतं म्हणून जिवंत झाड घरच्या टाकीत, विहिरीत किंवा शाळेच्या तळ्यात नेऊन सोडू नका. बंगालची कहाणी तशीच सुरू झाली होती.

आता घ्यायचीच असेल तर काय बघायचं? मुंबईचं ‘महालक्ष्मी सरस’, पुण्याची भीमथडी जत्रा किंवा आपल्या तालुक्याचं प्रदर्शन, कुठंही गेलात तरी पर्स आधी नाकाशी न्या. कुबट वास आला तर ओल राहिली आहे. तळाशी बोट दाबून बघा, वेणी लगेच सरकली तर टाके विरळ आहेत. पट्टा कुठं जोडलाय ते आतून बघा. अस्तरालाच टाचलेला असेल तर डबा ठेवल्यावर तुटणार. मग विकणारीला विचारा, दांडे कुठल्या पाण्यातले आणि काढतं कोण? ज्या गटानं याचा विचार केलाय, त्या बाया घडाघडा सांगतात. मालाची नुसती फेरविक्री करणारा गडबडतो.

घरी आणल्यावर तिचे फार लाड करावे लागत नाहीत. पावसात नेऊ नका, हे पहिलं. (पाण्यातून आलेली आणि पाण्याला भिणारी, आहे खरी अशी!) भिजलीच तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, आकार नीट करून वाऱ्यावर वाळवा. धूळ जुन्या दातांच्या ब्रशनं झाडा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवू नका, जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा. पावसाळा संपला की दिवाळीच्या साफसफाईत एक दिवस ऊन दाखवा. चार-पाच वर्षांनी वेणीचे धागे सुटायला लागले की चेन, बटण आणि साडीचा काठ उसवून काढून ठेवा. उरलेलं कुंडीतल्या मातीत गाडलं तरी चालतं. चेन मात्र टाकू नका, आमच्या काकूंना ती पुढच्या पर्सला हवी असते.